पाऊण तासाचं व्याज

मित्रांनो, भंगारात पडलेल्या या गवत कापायच्या मशीनकडे जरा बघा. बारा वर्षं फुटबॉल क्लबचं मैदान मी एकटीने राखलं.

क्लबची मशीन ऐन सामन्याच्या तोंडावर मोडली, तेव्हा माळीकाकांनी पदरचे पैसे घालून मला आणलं. पुढेमागे क्लब पैसे देईल म्हणून पावती क्लबच्या नावाने केली. "घराचं छप्पर गळतंय आणि तुम्हाला मैदानाचं पडलंय!" काकू कडाडल्या. पैसे कधी मिळाले नाहीत, पण काका रोज मला तेल देत. खेळाडू गवतावरून हात फिरवत. मी खुशीत होते.

मग नवे मालक आले. त्यांनी कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. बँकेकडे गहाण टाकायला प्रत्येक वस्तूची यादी झाली. मालकांच्या कारकुनाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही कुणाची?"

"क्लबचीच की! इथलं सगळं क्लबचं," काका छाती फुगवून म्हणाले आणि त्यांनी झोकात सही ठोकली. माझ्यावर दोनशे बारा नंबरची चिठ्ठी लागली. मलाही केवढा तोरा चढला होता!

त्यानंतर तिकिटांचे पैसे आधी व्याजात जाऊ लागले. माझं तेल बंद झालं. पगार अर्धा झाला, चांगले खेळाडू विकले गेले आणि शेवटी काकांना घरी बसवलं. त्याच महिन्यात मालकांनी स्वतःची सल्लागार फी मात्र उचलली.

समोरच्या शाळेने काकांना गवत कापायचं काम देऊ केलं होतं. मला न्यायला ते हातगाडी घेऊन आले.

"काका, ही बँकेकडे गहाण आहे," कारकून म्हणाला. "यादीवर सही तुमचीच."

"अहो, पण पैसे मी भरलेत!"

"पावती?"

काकांनी खिशातून ती काढली, वाचली आणि पुन्हा घडी घातली. बाहीने मला पुसून ते रिकामी हातगाडी ढकलत गेले.

हप्ते थकले तशी मी वजनावर विकले गेले. "चला, पाऊण तासाचं व्याज सुटलं!" कारकून हसला.

मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, पाती पुसत जा. माझ्यासाठी मात्र एवढंच करा. या भंगाराच्या दुकानासमोरच त्या शाळेचं मैदान आहे. काका तिथे गुडघे टेकून विळ्याने गवत कापतात. मला भिंतीकडे तोंड करून ठेवा.