पंधरा ठोके जास्त

माझ्या भावाचा पाय मी घालवला. त्याला ढकललं नाही, अंगावर गाडी घातली नाही. कॉम्प्युटरवर एक आकडा बदलला आणि वर एक वाक्य बोलले. वाक्य दोनच शब्दांचं होतं.

वान्नेस माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो ड्रम वाजवतो, मी बेस गिटार. इझेगेम गावाच्या बाहेर आमच्या मामाची एक शेड आहे. तिथे तो पूर्वी अंधारात चिकोरीची पांढरी भाजी वाढवायचा. तो धंदा बसला, शेड रिकामी झाली, आणि अठ्ठ्याण्णव साली आम्ही चौघं आत शिरलो ते शिरलोच. गिटारला बावो, ओरडायला लोडे. बँडचं नाव रूटकोर, म्हणजे काजळीचा गायकवृंद. नाव लोडेनं ठेवलं. त्याला तेव्हा सगळं काळंच सुचायचं. आमचं संगीत धड कुणाच्याच घरचं नव्हतं. हार्डकोरवाले म्हणायचे, ही तर मेटलवाली पोरं. मेटलवाले आमच्या कापलेल्या केसांकडे बघून हसायचे. आम्ही डेथ मेटलची गुरगुर, ब्लॅक मेटलची थंडगार किंचाळी आणि हार्डकोरची हाणामारी एकाच पातेल्यात शिजवली होती, आणि वेस्ट फ्लँडर्समधल्या एकूण एक युवाकेंद्रात ती वाढून झाली होती.

आमच्याकडे कुणी कुणाचं कौतुक करत नाही. पोरगं पहिलं आलं तरी बाप म्हणणार, "वाईट नाही." लग्नात नवरी कशी दिसते, तर वाईट नाही. याच्या पुढे कुणी गेलं तर आम्हाला संशय येतो की याला काहीतरी हवं आहे. आमचे बाबा तर तेवढंही बोलायचे नाहीत. गावच्या फॅनफेअर बँडमध्ये त्यांनी एकतीस वर्षं मोठा ढोल वाजवला, प्रत्येक मिरवणुकीत, पोटावर पट्टा बांधून. वान्नेसचं वाजवणं त्यांनी एकदाच ऐकलं होतं, शेडच्या दारातून. "मशीन बिघडलंय का?" एवढं विचारून ते सायकलवर बसून निघून गेले होते.

आता आकड्याची गोष्ट. दोन हजार सहा साली आम्ही तिसरी रेकॉर्ड करत होतो. ड्रम आधी, बाकी सगळं त्यावर. वान्नेस भाज्या गोठवणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि पालकाचा हंगाम तोंडावर आला होता. त्यानं दोन दिवस सुट्टी काढून नऊ गाणी वाजवली आणि तिसऱ्या दिवशी पालकाच्या पट्ट्यावर हजर झाला. शेवटचं गाणं मिनिटाला दोनशे पाच ठोक्यांचं होतं. त्यात मोठा ड्रम दोन्ही पायांच्या पेडलनी सलग बडवायचा, तीन मिनिटं, श्वास न घेता. त्यानं ते चांगलं वाजवलं होतं. माणसानं वाजवावं इतकं चांगलं.

"लंगडतंय गं गाणं," बावो म्हणाला. रेकॉर्डिंगची जबाबदारी माझी होती. मी वेग दोनशे दहा केला. बावोची मान हलायला लागली. दोनशे वीस केला तेव्हा तो खुर्चीतून उठला.

"हेच! हेच पाहिजे होतं!"

"वान्नेसला विचारायला हवं."

"तो पालकात आहे. आणि ग्रीट, सगळेच करतात हे."

सगळेच करतात, हे खरं होतं. मी डाव्या पायाचे सुटलेले ठोके भरले, उजव्याचे सरळ रेषेत बसवले, आणि आम्ही त्यावर गिटार आणि बेस वाजवून मोकळे झालो.

रेकॉर्ड आली तेव्हा वान्नेसनं ते गाणं आईच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकलं. कारखान्याचे पांढरे बूट पायात तसेच. आई त्याच्यासाठी बिनमांसाचा रस्सा वेगळ्या भांड्यात ढवळत होती. गाणं संपल्यावर तो माझ्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते.

"हे मी वाजवलंय?"

तेव्हाच सांगायचं होतं. जीभ उचलली होती मी. पण बत्तीस वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा असा उजळला होता की माझ्याच्यानं होईना. आणि टेबलापाशी बाबा बसले होते, पेपर खाली ठेवून.

"दुसरं कोण?" मी म्हणाले.

बाबा उठले. जाता जाता त्यांनी वान्नेसच्या उजव्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "वाईट नाही." दोन वर्षांनी ते गेले. मधल्या काळात त्यांनी दुसरं कौतुक केलं नाही, त्यामुळे तेच शेवटचं.

नेमकं तेच गाणं गाजलं. जर्मनीत, चेक देशात, जिथे जावं तिथे पोरं तेच मागायची. वान्नेस रोज कारखान्यातून सुटला की शेडमध्ये. कानात वेग धरायची टिकटिक लावून स्वतःच्याच रेकॉर्डच्या मागे धावायचा. दोनशे बारा. दोनशे पंधरा. "एकदा जमलंय म्हणजे पुन्हा जमणारच," म्हणायचा. मला वाटलं, सरावानं येईल आणि माझं खोटं आपोआप खरं होईल. चार वर्षं मी या भरवशावर काढली. त्याला दोनशे वीस जमलंही, अधूनमधून, दातओठ खाऊन. मग उजवा पाय ऐकेनासा झाला. चालताना ठीक, सायकलवर ठीक. पेडलवर ठेवला की पाऊल आतल्या बाजूला वळायचं आणि स्वतःच्या मर्जीनं झटके द्यायचं.

गेंटच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "मेंदू ही हालचाल चुकीची शिकलाय. तुम्ही पायाला झेपेल त्याच्या पलीकडे रेटलंत. थांबलात आणि अगदी संथ वेगानं पहिल्यापासून शिकलात, तर कदाचित."

"आणि नाही थांबलो तर?"

"मग कदाचितही नाही."

इंजेक्शनही होतं. पण वान्नेस हातावर फुल्या काढणाऱ्यांपैकी. सोळाव्या वर्षापासून दारू नाही, सिगरेट नाही, डोकं दुखलं तर गोळीही नाही. तो नाही म्हणाला. आणि जुलैत मोठ्या मैदानावरचा संगीत उत्सव होता, मंचावर दुपारी चारची वेळ मिळाली होती, तेरा वर्षांत पहिल्यांदा. तेवढा झाला की थांबतो म्हणाला.

तेव्हा मी ठरवलं. दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये गेले आणि उभ्यानंच सगळं ओकले. "वान्नेस, ते तू वाजवलेलं नाहीस. तू दोनशे पाचला वाजवलंस. वाढवलं मी. तू गेली पाच वर्षं एका आकड्याच्या मागे धावतोयस."

तो काठ्या पुसत होता. पुसतच राहिला.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं का असं बोलायला?"

"अरे, खरं सांगतेय!"

"बावोची आयडिया असणार. तुझं डोकं एवढं चालत नाही."

मी मूळ फाइल घेऊनच गेले होते. लावली. दोनशे पाच, डावा पाय दोनदा सुटलेला, शेवटी त्याचाच धापा टाकण्याचा आवाज. वान्नेसनं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मला वाटलं, सुटले बाई.

"छान केलंयस," तो म्हणाला. आमच्याकडे कुणी असं म्हणत नाही. "चुकासुद्धा घातल्यास. धापासुद्धा. किती रात्री लागल्या गं?"

मी त्याला तारीख दाखवली. तारीख बदलता येते, तो म्हणाला. खरंच येते. बावोला फोन लावून दिला, तर फोन ठेवून वान्नेस म्हणाला, "बघ, मी सांगितलं ना, त्याचीच आयडिया." ज्या यंत्रानं मी खोटं केलं, त्याच यंत्रातून खरं बाहेर काढायला निघाले होते, आणि समोरचा माणूस ते यंत्र काय काय करू शकतं हे पुरतं ओळखून होता. मी हात टेकले. तिथेच त्या शेडच्या फरशीवर बसून रडले, आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. माझीच समजूत घालत होता तो.

"बाबांनी ऐकलंय ते, ग्रीट," एवढंच म्हणाला.

उत्सवाच्या दिवशी ऊन तळपत होतं. आमच्या कानातली टिकटिक माझ्या लॅपटॉपवरून जायची. मंचावर चढायच्या आधी बावोनं मला बाजूला घेतलं.

"दोनशे पाच लाव. हजारो लोकांसमोर काय कळणार आहे त्याला?"

मी लावलं. पुन्हा एकदा त्याला न विचारता. आणखी काय करता आलं असतं ते मला आजही सुचत नाही.

सहा गाणी धकली. सातवं ते. पहिल्या दहा सेकंदांत वान्नेसनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण बहिणीला अपंग वाटतो हे ज्याला कळलं, त्या माणसाच्या नजरेनं. मग त्यानं कानातली वायर ओढून काढली आणि सुटला. दोनशे वीस असेल, जास्तच असेल. बावो फरफटत मागून आला. मी नुसती त्याच्या पायाकडे बघत बोटं चालवत होते. दोन मिनिटं त्यानं ते वाजवलं, आई शप्पथ, अगदी रेकॉर्डसारखं. मग पाऊल आत वळलं. गुडघा वर उडाला, तो दोन्ही हातांनी धरून वान्नेस स्टुलावर वाकला, आणि सगळं एकदम थांबलं.

आमच्या गाण्यांत ब्रेकडाउन असतो. वेग मध्येच तुटतो, क्षणभर शांतता, आणि मग सगळं संथ, जड होऊन कोसळतं. लोक त्याचीच वाट बघत असतात. त्या हजारो लोकांना वाटलं, हा तोच. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळं मैदान ओरडत एकमेकांवर धावलं. लोडेनं माझ्याकडे बघितलं, मी बावोकडे, आणि दुसरं काहीच हातात नव्हतं म्हणून आम्ही तिघांनी एक संथ सूर धरला. वान्नेस वाकलेलाच होता. लोक नाचत होते.

मंचामागच्या तंबूत त्याचा पाय पेटीवर ठेवला होता. उत्सवाच्या स्वयंपाकघरातून कुणीतरी शेकायला गोठवलेल्या पालकाची पिशवी आणून दिली.

वान्नेसनं लेबल वाचलं. "आमचाच," म्हणाला.

पाऊल अजून आपल्या मर्जीनं हलत होतं. बाहेर पुढचा बँड सुरू झाला.

"आज जसा वेग कमी केलास, तशीच ती शेडमधली फाइल केली होतीस ना?"

मी पेटी त्याच्या पायाखाली नीट सरकवली.

"रागावलो नाही मी. आता हे संपलं, ते कळतं मला." तो पालकाची पिशवी घोट्यावर सरकवत राहिला. मग त्यानं वर पाहिलं. कान लाल झाले होते, स्वयंपाकघरात झाले होते तसेच. "पण रेकॉर्डवर तो मीच, ना गं?"

तेरा वर्षं आणि एक पाय, एवढं देऊन त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"दुसरं कोण?" मी म्हणाले.