डाव्या कुशीवर

कमलाकरांचा डावा हात खांद्याच्या वर जायला तयार नव्हता, आणि पाडवा जवळ येत चालला होता.

गच्चीच्या खांबाला गुढीची काठी बांधायची तर दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात. बडा बाजारामागच्या त्या हिंदी बोलणाऱ्या गल्लीत गुढी उभारणारं हे एकच घर. त्यांची बायको सिंधू काठीला साडी नेसवून द्यायची, कमलाकर काठी उभी करून बांधायचे. मागच्या पाडव्याला सिंधू नुकतीच गेली होती, तेव्हा गुढीचा प्रश्नच नव्हता. यंदा मुलगी शलाका भोपाळहून येणार होती. तिने फोनवर सरळ विषय काढला. सदऱ्यात हात घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, तर एकटं कसं राहणार? घर बंद करा आणि माझ्याकडे चला. कमलाकर चिडले आणि बोलून गेले, "पाडव्याला ये. गुढी मी उभारली तर मी इथेच राहणार. नाही जमलं तर घाल मला गाडीत."

बोलून तर गेले, पण हात काही ऐकेना.

रोज सकाळी ते ऑटोने सदर बाजारात केयूरकडे जात. केयूर मसाज करून आखडलेले सांधे मोकळे करायचा. मराठी घरातलाच मुलगा, पण बोलायचा हिंदीत. मराठी त्याला नुसती कळायची. तो कमलाकरांना पालथं झोपवी, फऱ्यामागची गाठ बोटांनी शोधी आणि तिच्यावर अंगठा ठेवून नुसता थांबे. गाठ सैल पडली की तेल लावून खांदा, दंड, कोपर असं चोळत खाली येई. मग मनगट धरून हात हळूहळू वर नेई. उठायच्या वेळी हात कानापर्यंत पोचलेला असे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खांद्याशीच अडकलेला.

कमलाकरांना वाटे, हा वेळ काढतोय. "जोर लाव की जरा," ते म्हणत. "कणीक मळतोयस का?"

"जोर लगाऊँगा तो सूज आएगी, काका."

रात्री डाव्या कुशीवर झोपता का, हे केयूरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. नाही, असं कमलाकरांनी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. रात्रभर ते उताणे पडून आढ्याकडे बघत.

एके सकाळी सदरा घालताना हात बाहीत अर्ध्यावरच अडकला. पुढे जाईना, मागे येईना. पूर्वी अशा वेळी ते नुसतं "अगं" म्हणत आणि सिंधू येऊन बाही ओढे. आता ते त्या सदऱ्यात अडकून खोलीच्या मधोमध उभे राहिले. राग कुणावर काढावा तेही कळेना. शेवटी त्यांनी उजव्या हाताने सदरा असा हिसडला की शिवणच उसवली. त्या दिवशी ते केयूरकडे गेले नाहीत. फोनही उचलला नाही.

दुपारी केयूरच घरी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कमलाकर दिवाणावर डाव्या कुशीवर गाढ झोपले होते. डावा खांदा अंगाखाली पुरता दबलेला. समोर एक रिकामी खुर्ची.

केयूरने त्यांना हलवून उठवलं. "काका, ये क्या है?"

"वामकुक्षी," कमलाकर डोळे चोळत म्हणाले.

केयूरच्या चेहऱ्यावर काही उमटेना. कमलाकर वैतागले. मराठी घरात वाढला आणि एवढंही माहीत नाही. जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, अन्न पचतं. वडील पडत, आजोबा पडत.

"आमचे आजोबा पण..." केयूर मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "मला वाटलं, ते थकून जातात." मग त्याने कपाळावर हात मारला. "मी सुबह खोलतो, तुम्ही दोपहर में बंद करता. मैंने पूछा था न?"

"तू रात्रीचं विचारलंस. दुपारचं कुठे विचारलंस?"

जन्मभर कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाचं उत्तर होतं ते. केयूर हसला, कमलाकर हसले नाहीत. उजव्या कुशीवर झोपा, असं त्याने सांगितलं.

"तिकडे भिंत आहे."

"तो क्या?"

 जेवणानंतर कमलाकर इथे पडायचे तेव्हा सिंधू त्या खुर्चीत बसून तांदूळ निवडायची, आणि गल्लीत काय काय झालं ते सांगायची. ऐकता ऐकता त्यांना झोप लागायची. हे या पोराला काय सांगायचं? उशी दुसऱ्या टोकाला घ्या, असं केयूरने सुचवलं. तिकडे उत्तर आहे, उत्तरेला डोकं करून जिवंत माणूस झोपत नाही, असं सांगून कमलाकरांनी त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी उजव्या कुशीवर पडून पाहिलं. नाकासमोर पोपडे आलेला चुना. थोड्या वेळाने ते उठले. उजव्या खांद्याने रेटून रेटून त्यांनी दिवाण भिंतीपासून लांब सरकवला, शिव्या घालत सरकवला. झालेल्या फटीत खुर्ची कशीबशी बसवली. मग खुर्चीकडे तोंड करून पडले.

"अडचण आहे," ते म्हणाले. "पण बस आता इथेच."

पाडव्याला शलाका आली आणि खोलीच्या मध्यात आलेल्या दिवाणावर आपटली. हे काय, असं तिने गुडघा चोळत विचारलं. केयूरचा उपचार आहे, असं कमलाकरांनी सांगितलं.

गच्चीवर तिने साडी नेसवलेली काठी त्यांच्या हातात दिली आणि बाजूला उभी राहिली. डावा हात कानाच्या थोडा वर गेला आणि तिथेच अडला. कमलाकरांनी दात ओठ खाऊन गाठ मारली. ती नेहमीपेक्षा वीतभर खालीच बसली, आणि गुढी डावीकडे कलली.

शलाका पुढे झाली. "बाबा, वाकडी झालीय. मी सरळ करते."

"हात लावू नकोस," कमलाकर म्हणाले. "मी बांधलीय."