मुकादमाच्या मिशीला लोणी

"थांबव," मी म्हणालो.

नागोजी गिऱ्हाइकाला तबकडी बांधून देत होता. त्याचं लक्ष नव्हतं. मी काउंटरवरून हात घालून स्वतःच सुई उचलली आणि घाईत तबकडीवर चर्रकन ओरखडा ओढला.

"आरं आरं! नवी कोरी हाय ती, अण्णा!"

"परत लाव. पयल्यापासनं लाव."

नागोजीचं दुकान शहापुरात, हातमागाच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दर बुधवारी त्याच्याकडे त्या आठवड्याच्या नव्या तबकड्या येत. छोट्या, एका बाजूला एकच गाणं. दुपारच्या सुट्टीत मी त्या उभ्यानं ऐकायचो आणि शुक्रवारच्या साप्ताहिकात त्यांच्यावर लिहायचो. सहा वर्षं हे चाललं होतं. त्या बुधवारी तीन आल्या होत्या. पहिलीत एका बुवांनी देवाला अशी हाक मारली होती की देवानं आतून कडी लावून घेतली असेल. दुसरीत पाऊस होता, मोर होता आणि गायकाला सर्दी होती. तिसरीवर लिहिलं होतं, 'सीमाभागाचा ठसका'.

नागोजीनं सुई टेकवली. ढोलकी वाजली, बुलबुलतरंग वाजला आणि लाडिक आवाजात एक बाई म्हणाली:

साजणाच्या मिशीला लोणी...

आणि ठेका एक ठोकाभर गप्प झाला. मग पुढची ओळ आली:

माझ्या गालात खळी...

परत एक ठोका गप्प. माझे कान तापले. 'साजण' आणि 'खळी' हा चोरट्यानं चढवलेला रंग होता. पण ती मोकळी जागा मी आईच्या पोटात असल्यापासून ऐकत आलो होतो.

माझी आई, तानीबाई, निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं चाळणीवर होती. बायका ओळीनं बसायच्या. चाळण तीनदा हलवायची, चौथ्याला तिरकी करून वरच्या काड्या बाजूला टाकायच्या. काड्या टाकताना धुळीचा लोट सरळ तोंडावर येतो. तेवढ्या वेळात बाई तोंड मिटते, श्वाससुद्धा घेत नाही. म्हणून वखारीतल्या गाण्याचा चौथा ठोका मुका असतो. मुंबईतल्या स्टुडिओत पंख्याखाली बसलेल्या माणसाला तिथं गप्प बसावंसं वाटायचं काही कारणच नव्हतं.

मी तबकडीवरचा कागद वाचला. गायिकेचं नाव ठळक, संगीतकाराचं त्याहून ठळक. आणि खाली बारीक अक्षरात, 'गीत: पारंपरिक'.

"नागोजी, हे माज्या आईचं गाणं हाय."

त्यानं मान खाली घातली. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

"आता अण्णा, तूच टेप दिलतास की. कंपनीच्या मानसाला ऐकव म्हनलास. म्या ऐकवली. त्याला लई आवडलं. पर म्हातारीचा आवाज चालत न्हाय म्हनला. कुनाचं गानं म्हनून इचारलं, म्या म्हनलं वखारीतल्या बायका म्हनत्यात. मग त्यानं तसं लिवलं."

"तानीबाई म्हनून नाव सांगितलं न्हाईस?"

"आता ध्यानात ऱ्हातंय व्हय सगळं?"

"आनि मुकादमाचा साजण कुनी केला?"

"मुकादम कोन वाजवंल रं लग्नात?" नागोजी हसला. ते हसू मी आजही विसरलेलो नाही.

"माजी टेप दे."

तो घुटमळला. "ती व्हय... गनपतीत कोरी कॅसेट मिळंना. तिच्यावर आरत्या भरल्या की म्या."

मी त्याच्या दुकानात त्या दिवशी काहीतरी फोडायला हवं होतं. फोडलं नाही. कारण टेप मीच दिली होती. आठ महिन्यांपूर्वी त्याचाच टेपरेकॉर्डर मागून मी निपाणीला नेला आणि आईपुढं ठेवला. तेव्हाच तिचा दम कमी झाला होता. तरी तिनं मांडीवर पिठाची चाळण घेऊन आख्खं गाणं म्हटलं. ते तसं गाणं नव्हतंच. निम्मं बोलणं, निम्मी शिवी. हजेरी न मांडता तिला कामावरून उठवणाऱ्या एका मुकादमावर तिनं ते भर वखारीत रचलं होतं, आणि तो दारात दिसला की साठ चाळणी ते एकदम उचलायच्या. दर आठवड्याला इतकी भिकार गाणी ऐकून मला वाटलं होतं, एकदा खरं गाणं जगाला ऐकवू. मोठा शहाणा मी. दुसरी प्रत काढून ठेवायचीसुद्धा अक्कल झाली नाही.

मी तबकडी विकत घेतली आणि छापखान्यात गेलो.

तिथं मी कंपोझिटर होतो. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, प्रूफ काढायचं, जुळवलेल्या पानांचा फर्मा बांधायचा. 'नव्या तबकड्या' हे सदर मी कागदावर कधी लिहिलंच नाही. जे सांगायचं ते थेट खिळ्यांत, उलट्या अक्षरांत जुळवायचो. सदराखाली नाव असायचं 'रसिक'. संपादक केदारी मास्तरांनी ते ठेवलं होतं. खिळे जुळवणारा माणूस गाण्यावर लिहितो हे वाचकांना पटायचं नाही, असं ते म्हणाले होते. मलाही तेव्हा ते पटलं होतं. पुढं एका संगीतसभेत मास्तरांनाच 'रसिक' समजून हार घातला गेला. मास्तरांनी तो घालून घेतला. मी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची आठवण झाली की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

त्या दिवशी मी जुळवलं: 'तिसरी तबकडी चोरीची आहे. हे गाणं निपाणीच्या तानीबाईंचं आहे. त्या हयात आहेत. चोरानं मुकादमाचा साजण केला, धुळीची खळी केली. ठेक्यातली मोकळी जागा कशासाठी आहे हे त्याला कळलं नाही, म्हणून तीही तशीच उचलली. घरफोडी करणारा एखादा आपलं पागोटं विसरून जातो, तसं झालं आहे.'

गुरुवारी दुपारी मास्तरांनी प्रूफ वाचलं आणि चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. मराठीसाठी तुरुंगात जाऊन आलेला, शाळेतून निवृत्त झालेला. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

"भीमसेन, हे जमणार नाही."

"का सर?"

"मागच्या पानावर जाहिरात कुणाची आहे?"

"नागोजीची."

"बरं, जाहिरातीचं सोडून दे. कचेरीत आपला मराठी अर्ज घेत नाहीत. अशा वेळी आपल्या भागाच्या ठेक्यावर मराठी तबकडी निघते, आणि आपणच तिला चोर म्हणायचं? लोक काय म्हणतील?"

"आपल्या म्हंजे कुनाच्या, सर?"

"असं तोडून बोलू नकोस. पारंपरिक म्हटलं म्हणून काय बिघडलं? गाणं सगळ्या समाजाचं झालं. हा तुझ्या आईचा मोठेपणाच आहे."

"समाजाचं झालं, तर मुकादम का काढला? समाजात मुकादम न्हवता?"

मास्तरांनी चष्मा पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि त्यांचंच आहे कशावरून? तुमच्या वस्तीत सगळ्याच बायका म्हणत असतील. पुरावा काय?"

"चौथा ठोका."

"हे कोर्टात सांगशील?"

तुमच्या वस्तीत. सहा वर्षं या माणसाच्या अग्रलेखातल्या चुका मी न सांगता दुरुस्त केल्या होत्या. तेव्हा वस्ती आठवली नाही.

त्यांनी माझ्या मजकुरावर काट मारली आणि पेन्सिलीनं समासात लिहिलं, 'ठेका नावीन्यपूर्ण. सीमाभागाची शान. प्रत्येक घरात असावी अशी तबकडी.' मग छत्री उचलली. त्यांना खानापूरला सभेला जायचं होतं.

"हे जुळव आणि फर्मा मशीनवर चढव. आणि डोकं शांत ठेव."

मी खिळे जुळवायची स्टिक हातात घेतली. 'ठेका' जुळवला. 'नावीन्यपूर्ण' मधला 'ना' उचलला आणि हात पुढं जाईना. मी ते खिळे परत खणात टाकले. मग माझ्या मजकुराच्या ओळी एकेक काढल्या आणि त्यांच्या जागी कोरे ठोकळे भरले. खालचं 'रसिक' काढलं. तिथं जुळवलं: 'भीमसेन'. फर्मा आवळला आणि मशीनवर चढवला.

शुक्रवारी अंक बाहेर पडला. पहिली तबकडी, दुसरी तबकडी, 'तिसरी तबकडी' एवढे दोन शब्द, मग चार बोटं पांढरा कागद आणि माझं नाव. मला वाटलं होतं, गावात खळबळ उडेल. दोन वर्गणीदारांची तक्रार आली. छपाई नीट उठलेली नाही, अंक बदलून द्या.

मास्तरांनी मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं. शनिवारी ते एवढंच म्हणाले, "सदर बंद करतोय," आणि त्या जागेवर भविष्य टाकायला सांगितलं. तेही मलाच जुळवावं लागलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं निपाणीला गेलो. संकेश्वर मागं पडेपर्यंत आईला काय सांगायचं ते जुळवत होतो. बातमी फोडू कशी, यापेक्षा भरपाई काय सांगू याचा विचार जास्त होता. कंपनीला वकिलाची नोटीस पाठवू, तबकडीवर तुझं नाव घालायला लावू.

आई उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा, म्हणून झोपायचीसुद्धा बसूनच. मला बघून ती खुलली.

"भीमा, असा मधीच आलास? जेवलास न्हवं?"

मी तिच्या हातात तबकडी दिली. तिनं ती उलटसुलट करून बघितली.

"माजं हाय यात?"

"व्हय. पर दुसऱ्या बाईनं म्हटलंय. तुजं नाव न्हाय घातलेलं."

"न्हाय तर न्हाय. म्हनून दाखीव कसं म्हटलंय."

घरात तबकडी वाजवायचं यंत्र कुठलं असायला. मीच म्हणून दाखवलं. साजणाच्या मिशीला लोणी, माझ्या गालात खळी. माझ्या तोंडून ते निघताना माझी मलाच शिसारी आली. आई ऐकत राहिली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं आणि ती ताठ झाली.

"साजन?"

"व्हय."

"त्या मुडद्याला साजन केलं? दोन जीवाची असताना मला उनात हुबी केलती त्यानं! तू पोटात हुतास! त्याला साजन?" तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. तिनं भांडं ढकललं. "आनि तू आनून ऐकवतोस मला!"

"आये, म्या सोडत न्हाय त्यास्नी. नोटीस धाडतो. तुजं नाव घालाय लावतो त्याच्यावर."

"खबरदार!"

एवढ्याशा छातीतून एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. शेजारची बायाक्का दारात येऊन उभी राहिली.

"त्याच्यावर माजं नाव घातलंस तर बघ. वखारीतल्या बाया काय म्हनतील? तानी मुकादमावर भाळलीती म्हनतील! ते माजं गानं न्हवं. ऱ्हाऊ दे त्यांचं त्यास्नी." ती धापा टाकत थांबली. मग म्हणाली, "माजं कुठं हाय? त्या पेटीत म्हटलंतं ते?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"पुसलं, आये. त्याच्यावर आरत्या भरल्या."

ती रडली नाही. तिनं हातातली तबकडी उंबऱ्यावर उपडी ठेवली. चार दिवस मी चोरावर, नागोजीवर, मास्तरांवर चिडत होतो. नाव, नाव करत होतो. आणि जे खरोखर गेलं होतं ते तिनं एका प्रश्नात विचारलं.

"बायाक्का," ती म्हणाली, "पिठाची चाळन दे गं जरा."

बायाक्कानं चाळण आणून दिली. आईनं ती मांडीवर धरली. एक, दोन, तीन हलवली, तिरकी केली.

"मुकादमाच्या मिशीला लोणी..." चाळण तिरकी झाली, तोंड मिटलं. "माज्या घशात धूळ..."

दुसऱ्या ओळीला दम संपला. छाती नुसती वरखाली व्हायला लागली. मी चाळण काढून घ्यायला गेलो, तर तिनं सोडली नाही. हात चालूच राहिले. एक, दोन, तीन, तिरकी. एक, दोन, तीन, तिरकी. मग तिनं हनुवटी उचलून माझ्याकडं खूण केली.

सहा वर्षं मी लोकांच्या आवाजातल्या चुका काढल्या होत्या. चारचौघांत कधी एक ओळ म्हटली नव्हती. मी बायाक्काकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं आणि आईच्या हाताबरोबर सुरू केलं.

"त्याच्या घरी गादी मऊ, माज्या पाठीत शूळ..."

आईचे हात थांबले. तिनं नकारार्थी मान हलवली. माझा सूर कसा होता याचं तिला काही नव्हतं. मी दोन्ही ओळी सलग म्हटल्या होत्या, मधली जागा सोडलीच नव्हती. ज्या जागेवरून मी अख्ख्या कंपनीला चोर ठरवलं होतं, तीच.

"घाई करतोस," ती जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली. "पयल्यापासनं म्हन."

मी पहिल्यापासून सुरू केलं. मुकादमाच्या मिशीला लोणी. रिकामी चाळण तिनं तिरकी केली आणि दुसऱ्या हाताची बोटं पटकन माझ्या ओठांवर ठेवली.

"तोंड मीट रं," ती म्हणाली. "धूळ जाईल आत."