तपकिरी फुलांची रानतुळस

बाळंतपणाच्या रजेवरून मी वनस्पती-संग्रहालयात परतले, तेव्हा मी शोधलेल्या नव्या रानतुळशीचं वर्णन सरांनी परस्पर लिहून छपाईला काढलं होतं. खाली माझंही नाव होतं, आयुष्यात पहिल्यांदाच. वाचलं आणि डोकं सणकलं. ‘फुले तपकिरी, पाने गंधहीन.’

“सर, फुलं जांभळी आहेत! पानांना लिंबाचा वास येतो. वाळलेला नमुना बघून लिहिलंत?”

“नमुन्यात दिसतं तेच लिहायचं असतं, बाई.”

“वाळल्यावर माणूससुद्धा तपकिरीच होतो, सर!”

“घरी लेक खोकतेय म्हणून सारखी नणंदेला फोन करतेस. तुझं लक्ष पाळण्यात, आणि रंग मला शिकवणार?”

लेक खोकत होती, जीव टांगणीला होता, हे खरं. पण त्याचा माझ्या डोळ्यांशी काय संबंध?

व्हरांड्यात मी लावलेलं त्याच तुळशीचं रोप फुललं होतं. कुंडी उचलून आणली आणि त्यांच्या टेबलावर आदळली. “हुंगा.”

“ही माती पुसून घे,” एवढंच ते म्हणाले.

मी पेन काढलं आणि छपाईला जाणाऱ्या प्रतीवरचं माझं नाव खोडलं. उद्या माझी लेक ही तुळस शोधायला निघाली, तर आईच्या शब्दावर तपकिरी फुलं धुंडाळत फिरायला नको.