बहिणीने पसंत केलेलं पिस्तूल

वेल्डा प्रॅटरला बंदुकीची कधी भीती वाटली नव्हती, आणि हौसही नव्हती. बापाची शिकारीची रायफल स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असायची आणि घरातल्या बायका तिच्याकडे केरसुणीइतकंच लक्ष द्यायच्या. पण सत्तावन्नाव्या वर्षी, मार्चमधल्या एका मंगळवारी, लाँड्रीच्या काउंटरमागे कुणाच्यातरी पँटची शिवण उसवत बसलेली असताना तिला एक फोन आला. फोन ठेवल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो अंगावर लपवून बाळगता येईल अशा पिस्तुलाचा.

फोनवरच्या, पॅरोल मंडळाच्या कचेरीतल्या बाईंनी अगदी हळुवारपणे सांगितलं होतं. कोल्बीची पॅरोलची, म्हणजे शिक्षा संपण्याआधीच सोडायचं का याची, सुनावणी मे महिन्यात आहे, तुम्हाला मंडळापुढे काही म्हणायचं असेल तर लिहून पाठवा.

कोल्बी तिचा भाचा. थोरल्या बहिणीचा, इमोजीनचा, एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी भर दुपारी तो वेल्डाच्या घरात शिरला होता, तिच्या पाठदुखीच्या गोळ्या शोधत. गोळ्या संपल्या होत्या. मावशी खोटं बोलते असं वाटून त्याने तिचा उजवा हात कपाटाच्या चौकटीत धरला आणि दार लोटलं. मग पुन्हा लोटलं. तेव्हापासून तिच्या मनगटात धातूची पट्टी होती आणि सहा स्क्रू. थंडीत सुई धरता यायची नाही. जाताना तो म्हणाला होता की पोलिसांना सांगितलंस तर मी परत येईन. तिने सांगितलं. कोर्टातही सांगितलं, त्याच्याकडे बघत.

त्या खटल्यात इमोजीन मागच्या बाकावर बसायची, कुणाच्याच बाजूला नाही. पण निकालानंतर वेल्डाच्या मनगटाचं शेवटचं ऑपरेशन झालं, त्याच संध्याकाळी तिने वेल्डाला आपल्या घरी नेलं, सहा आठवडे ठेवून घेतलं, केस विंचरले, चमच्याने भरवलं. मुलाबद्दल एक अक्षर काढलं नाही. खोऱ्यातले लोक म्हणाले, अशी बहीण मिळायला नशीब लागतं. वेल्डालाही तसंच वाटत होतं.

म्हणून फोन आल्यावर ती आधी इमोजीनकडेच गेली. इमोजीनने सगळं ऐकून घेतलं, कॉफी ओतली, आणि म्हणाली की बारा वर्षांच्या शिक्षेत चौथ्या वर्षी कोण सोडतंय, पण तुला झोप लागणार नसेल तर घे एखादं छोटंसं पिस्तूल. मी येते बरोबर. पत्राचंही तीच म्हणाली, मनात असेल ते लिहून काढ, गुरुवारी मी पोस्टात जाणारच आहे, टाकीन.

वेल्डाने तीन पानं लिहिली. त्या हाताने तीन पानं लिहायला तिला चार दिवस लागले. पाकीट चिकटवून तिने ते बहिणीच्या पर्समध्ये स्वतः ठेवलं.

शनिवारी दोघी ऑर्विल कॉडिलच्या दुकानात गेल्या. ऑर्विल शाळेत इमोजीनच्या वर्गात होता. मासेमारीचे गळ, हरणाच्या शिकारीचे परवाने आणि बंदुका, असं त्याचं दुकान. वेल्डाने आपली गरज सांगितली. चारशे डॉलरच्या आत हवं, कमरेला लावलं तर सैल सदऱ्याखाली दिसता कामा नये, आणि हा हात असा आहे.

ऑर्विलने तिचा हात आपल्या हातात घेऊन मनगट हळूच फिरवून पाहिलं. मग काचेच्या कपाटातून एकेक काढून रबराच्या चटईवर मांडलं. आधी पाच गोळ्यांचं अडतीसचं रिव्हॉल्व्हर. बिघडण्यासारखं त्यात काही नाही, पण चाप इतका जड की दोन बोटांनी ओढूनही वेल्डाला तो पुरता ओढता येईना. मग नऊ मिलिमीटरचं एक चपटं पिस्तूल, खिशात मावेल एवढं. गोळी नळीत चढवायला त्याची वरची पट्टी मागे खेचताना तिच्या मनगटातून अशी कळ गेली की तिने ते खाली ठेवून दिलं. ऑर्विलला त्यात नवल वाटलं नाही. पिस्तूल जितकं लहान तितकं लपवायला सोपं आणि चालवायला अवघड, त्याने समजावलं. लहानाचा झटका सगळा हातात येतो, आणि आतली स्प्रिंग कडक असते. लोकांना हे उलट वाटतं.

मग त्याने जरा मोठं, वापरलेलं एक नऊ मिलिमीटरचं काढलं. कुणा म्हाताऱ्याच्या बायकोने विकायला ठेवलं होतं. पट्टी मऊ, पकड मुठीत नीट बसणारी. वेल्डाने पट्टी खेचली आणि ती आली. किंमत तीनशे साठ. ऑर्विल म्हणाला, माझं ऐकशील तर हे घे.

चौथं इमोजीनने कपाटातून बोट दाखवून मागितलं. बावीसचं, म्हणजे सगळ्यांत बारीक गोळीचं, तळहातावर मावणारं, पिसासारखं हलकं. इमोजीन म्हणाली, हे बघ, याला झटकाच नाही, तुझ्या हाताला काही होणार नाही. ते मोठं धूड कमरेला लावून तू मशीनमध्ये वाकणार कशी?

ऑर्विलने ते काढून चटईवर ठेवलं. मग म्हणाला की काहीच नसण्यापेक्षा बावीसचं बरं, पण अंगावर येणारा माणूस या गोळीने थांबेलच असं मी सांगणार नाही. नशेत असेल तर नाहीच.

"तिला कुणाला मारायचं थोडंच आहे," इमोजीन म्हणाली. "भीती घालवायचीय नुसती."

वेल्डाने एकदा त्या नऊच्या पिस्तुलाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. हात मोडलेला असताना तिला सहा आठवडे भरवणारी बाई त्याच हाताबद्दल बोलत होती. तिने बावीसचं घेतलं. कमरेच्या आत लावायचं होल्स्टर इमोजीनने हट्टाने आपल्या पैशांनी घेऊन दिलं.

बाळगायला राज्यात आता परवाना लागत नव्हता, तरी ऑर्विल चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा पिस्तूल वापरायचा वर्ग घ्यायचा आणि वेल्डाला तो करायचा होता. इमोजीनही आली, शेजारच्या खुर्चीवर बसली. तिने विचारलं की पायावर गोळी झाडली तर चालत नाही का. ऑर्विल म्हणाला, पायावर नेम धरणं सिनेमात होतं. जीव जायची वेळ आल्याशिवाय काढायचं नाही, आणि काढलं तर छातीच्या मधोमध. मग तिने विचारलं की या बावीसच्या गोळीने माणूस सहसा वाचतो ना. ऑर्विलने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, कधी वाचतो, कधी नाही. वेल्डाला वाटलं, आपल्या हातून काही भलतंसलतं घडू नये म्हणून ही काळजी करतेय. तिने टेबलाखाली बहिणीचा हात दाबला.

एप्रिलभर दर रविवारी जेवणानंतर दोघी जुन्या खाणीवर जायच्या. वेल्डा पुठ्ठ्यावर नेम धरायची, इमोजीन पिकअपच्या मागच्या फळीवर बसून रिकाम्या पुंगळ्या डब्यात गोळा करायची. दोघी खूप बोलायच्या. वेल्डाला वाटायचं, लग्नापूर्वीचे दिवस परत आले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच बाईंचा फोन आला. कोल्बीला पॅरोल मिळाला होता. एकोणीस दिवसांनी तो सुटणार होता आणि आईच्या घरी राहणार होता, म्हणजे वेल्डाच्या घरापासून दीड मैलावर. ती ड्रायरला टेकली. बाई पुढे बोलतच होत्या. असं पत्र मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही, त्या म्हणाल्या. सुनावणीत ते वाचलं तेव्हा मंडळातल्या एकांचे डोळे भरून आले. इतकं मोठं मन सगळ्यांचं नसतं.

वेल्डाने विचारलं, कुठलं पत्र?

बाईंना वाटलं, तिला ते पुन्हा ऐकायचं आहे. त्यांनी वाचून दाखवलं. एकच पान होतं. माझ्या भाच्याला मी मनापासून क्षमा केली आहे. त्याने पहिली पावलं माझ्या अंगणात टाकली. तो घरी यावा अशी माझी प्रार्थना आहे आणि मला त्याची कसलीही भीती नाही. खाली वेल्डा प्रॅटर अशी सही.

वेल्डाने आभार मानले, फोन ठेवला, मशीनमध्ये अडकलेली एका गिऱ्हाइकाची चादर सोडवून दिली. मग दुकान बंद करून इमोजीनच्या घरी गेली. दुपारचा एक वाजला होता. इमोजीन घेवड्याच्या कालवणात हॅमचं हाड ढवळत होती, ओव्हनमध्ये मक्याचा ब्रेड होता. आतल्या, कोल्बीच्या खोलीतला पलंग भिंतीपासून ओढलेला होता, आणि भिंतीला नवा रंग दिलेला होता. वेल्डाने तो रंग पाहिला आणि तिला काही विचारायचं उरलं नाही. तरी तिने विचारलं.

"माझं पत्र कुठेय?"

इमोजीनने गॅस बारीक केला. "जाळलं."

"वाचलंस?"

"वाचलं. म्हणून तर जाळलं." ती वळली नाही. "तू लिहिलं होतंस की तो तिथेच मेला तरी चालेल. मी आई आहे त्याची, वेल्डा. ते माझ्या हाताने पेटीत टाकू मी?"

वेल्डा खुर्चीवर बसली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. तिने विचारलं, "आणि पिस्तूल?"

इमोजीन कालवण ढवळत राहिली.

"ऑर्विल ते दुसरं देत होता. मला ते खेचता येत होतं. तू हे घ्यायला लावलंस."

"तो येणार होता," इमोजीन म्हणाली. "तू घाबरणार होतीस. मी विचार केला, घेणारच आहे तर त्यातल्या त्यात..." ती थांबली. मग वळली, आणि तिचा चेहरा पाहून वेल्डाला क्षणभर वाटलं की उठून तिला धरावं. "कुणीच मरू नये एवढंच बघत होते मी."

"मी मेले असते तर?"

"तो तुला मारणार नाही."

"तू दुकानात उभी राहून," वेल्डा म्हणाली, "माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी पिस्तूल निवडत होतीस."

ब्रेड करपल्याचा वास यायला लागला तरी दोघींपैकी कुणी ओव्हन उघडला नाही. वेल्डा उठून निघून आली.

दुसऱ्या दिवशी ती अडीच तास गाडी चालवत त्या बाईंच्या कचेरीत गेली आणि सांगितलं की पत्र माझं नाही. बाईंनी ते तिच्यापुढे ठेवलं. अक्षर वेल्डाचंच वाटत होतं, फक्त फार सुबक होतं, मनगट मोडण्याआधीचं. हे लिहिताना बहिणीने आपण पाठवलेली जुनी ख्रिसमसची कार्डं समोर ठेवली असणार, हे तिला कळलं. कुणी लिहिलं असेल, बाईंनी विचारलं. वेल्डाने टेबलावरचं पेन उचललं. मग तिने बहिणीचं नाव लिहून दिलं आणि त्याखाली सही केली. या वेळी सही वाकडीतिकडी, तिची खरी.

कोल्बीचं सुटणं थांबलं. मंडळाने पुन्हा सुनावणी घेतली, वेल्डा स्वतः जाऊन बोलली, आणि पुढची तारीख तीन वर्षांनी पडली. इमोजीनवर खोट्या सहीचा खटला झाला. तिने गुन्हा कबूल केला, तुरुंग टळला, पण दोन वर्षं दर महिन्याला सरकारी अधिकाऱ्याकडे हजेरी लावायची होती. चर्चमध्ये निम्मे लोक वेल्डाशी बोलेनासे झाले. सख्ख्या बहिणीचं नाव दिलं, तेही आई असलेल्या बहिणीचं, असं ते म्हणत. ते म्हणत त्यात चूक काय, हे वेल्डालाही कधीकधी सांगता यायचं नाही.

हे सगळं निकालात निघण्याआधीच, जूनमध्ये, ती बावीसचं पिस्तूल घेऊन ऑर्विलकडे गेली. ते दुसरं अजून होतं. ऑर्विलने काही न विचारता बदली करून दिली, वरचा फरक निम्माच मागितला. वेल्डाने विचारलं की निम्मा का.

ऑर्विल काच पुसत राहिला. मग म्हणाला, "वर्गात तिने ते विचारलं ना, माणूस वाचतो का म्हणून. तेव्हाच मला कळलं होतं कुणाबद्दल विचारतेय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"घरातली गोष्ट होती. वाटलं, तुलाही ठाऊक असेल."

म्हणजे त्या तळघरात बसलेल्या बारा माणसांपैकी आणखी किती जणांना कळलं होतं, असा हिशेब वेल्डाच्या मनात सुरू झाला आणि तिने तो तिथेच तोडला. तिने ऑर्विलचे आभार मानले नाहीत. पूर्ण फरकाच्या नोटा चटईवर ठेवल्या आणि बाहेर पडली.

पुढच्या वर्षी मेमध्ये, थडगी साफ करून फुलं वाहायच्या रविवारी, टेकडीवरच्या कब्रस्तानात दोघी समोरासमोर आल्या. वर्षभरात प्रथमच. इमोजीन वाळली होती. वेल्डा आईच्या थडग्याच्या दगडाभोवतीचं गवत उपटत होती. इमोजीन दुसऱ्या बाजूने गुडघ्यावर बसली आणि तीही उपटू लागली. कोल्बीला तुरुंगातल्या सुतारकामात घेतलंय, ती म्हणाली. वेल्डाने मान हलवली. सकाळ गरम होती आणि वेल्डाच्या अंगात तरीही सैल, लांब सदरा होता. इमोजीनची नजर त्या सदऱ्यावर उजव्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली. वेल्डाने ते पाहिलं. नकळत तिचा हात कापड खाली ओढायला गेला.

"आता कुठलं आहे?" इमोजीनने हळूच विचारलं.

दोघींच्या आयुष्यात असं काही नव्हतं जे वेल्डाने तिला सांगितलं नव्हतं. पहिली पाळी, नवऱ्याचं पिणं, जगलं नाही ते बाळ. उत्तर ओठांपर्यंत आलंही होतं.

"आईच्या पायांकडचं तू कर," ती म्हणाली. "डोक्याकडचं मी करते."

इमोजीनने सदऱ्यावरची नजर काढली. मग ती गुडघ्यांवरच सरकत पलीकडे गेली, आणि दुपारपर्यंत दोघी मुकाट्याने गवत उपटत राहिल्या.