खापराखालचा मासा

बुधवार, ११ फेब्रुवारी १९४२. सकाळी साडेसहा वाजता लोणावळ्याच्या बाजारामागच्या एका घरात, काचेच्या टाकीतल्या चार माशांपैकी एक उलटा तरंगत होता. महिपतीने तो उचलला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि परसातल्या केळीखाली पुरला. रेल्वेत गँगचा मुकादम म्हणून त्याने तेहतीस वर्षं काढली होती. रुळांवर मेलेलं जनावर त्याने अनेकदा उचललं होतं. लपवलं मात्र आज पहिल्यांदाच.

चुलीपाशी बसलेली बयाबाई उठून टाकीजवळ आली. ती मासे रोज मोजायची.

"तीनच दिसत्यात."

"चवथा खापराखाली आसंल," महिपती म्हणाला.

टाकीच्या तळाशी फुटक्या माठाचं खापर पालथं ठेवलेलं होतं. उजाडलं की मासे त्याखाली शिरत. बयाबाईने पुन्हा विचारलं नाही.

मासे त्यांच्या एकुलत्या एका मुलाचे, बजरंगचे. विजेच्या ठाण्यातून निकामी म्हणून काढलेलं बॅटरीचं मोठं काचेचं भांडं त्याने मागून आणलं, आठ दिवस सोड्याने धुतलं आणि डबक्यातले करंगळीएवढे चार मागूर त्यात सोडले. मागूर म्हणजे लांब मिशांचा, चिखलात राहणारा मासा. १९४० च्या दिवाळीनंतर बजरंग पलटणीत भरती झाला. निघताना म्हणाला, "आबा, म्या येईस्तवर ह्यांना हातभर वाढवा." महिपती "व्हय" म्हणाला. शेवटचं पत्र मलायातून आलं होतं, त्याला दोन महिने झाले होते.

महिपती माळकरी. त्याने माशांना पंधरा महिने भात घातला, कणकेच्या गोळ्या घातल्या, कधी भिजवलेली डाळ. मासे वाढले नाहीत. सुस्त दिसले की तो आणखी भात घाली.

त्या दिवशी दुपारी तो शेजारच्या मेहबूबकडे गेला. लोको शेडमधून निवृत्त झालेला हा फिटर रोज सकाळी वळवणच्या तळ्यावर गळ टाकून बसायचा. मेहबूबने येऊन टाकीत बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"आंबलंय पानी. ह्यांच्या मिशा बगा, झडल्यात. आन् भांडं काठोकाठ का भरलंय?"

"पानी भरपूर आसावं म्हनून."

"आन् वर फरशी. ह्यो मासा वर येऊन हवा घेतो, महिपतीभाऊ. तुमी त्याचं नाकच दाबलंय."

त्याने वीतभर पाणी उपसायला लावलं. फरशीऐवजी भोकं पाडलेला पत्रा ठेवून त्यावर दगड ठेवला, कारण मागूर सरपटत बाहेर येतो. पाणी एकदम बदलायचं नाही. आठवड्याने तिसरा हिस्सा काढायचा आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालायचं. थंडीत टाकी चुलीच्या भिंतीला लावायची. महिपती मुकादमासारखं एकेक ऐकत होता.

"आन् खायाला गांडूळ."

महिपतीचा हात गळ्याकडे गेला. "माळ हाय, मेहबूबभाई."

"माळ तुमच्या गळ्यात हाय. त्यांच्या न्हाई."

"म्हनून काय म्या जीव मारू?"

"हितं उपाशी मरत्यात ते कुनाच्या नावावर? बरं, म्या घालतो रोज. मंग तर झालं?"

महिपतीने मान हलवली. "शब्द म्या दिलाय."

चुलीपाशी बसलेली बयाबाई त्यांच्याकडे न बघता बोलली, "तितं आपल्या पोराला कोन काय वाडत आसंल. त्यो भात मागत आसंल न् म्होरं दुसरंच काय येत आसंल."

मग तिने उठून कोपऱ्यातलं खुरपं आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

महिपतीने माळ काढली आणि देवाच्या तसबिरीशेजारच्या खुंटीला अडकवली. परसात न्हाणीचं पाणी केळीला जाई, तिथे तो उकिडवा बसला. सकाळी उकरलेली जागा सोडून त्याने हातभर पलीकडे खुरपं घातलं. सहा गांडुळं निघाली. त्यांचे तुकडे त्याने स्वतः केले. हात तीन वेळा धुतले.

माळ त्याने पुन्हा घातली नाही. मटण-मासळी मात्र खाल्ली नाही. एकादशीच्या भजनाला तो जातच राहिला, पण आत बसत नसे. देवळाच्या पायरीवर बसून टाळ वाजवी. कोणी विचारलं तर "आत उकडतंय" म्हणे. लोणावळ्यात, ऐन माघात.

चार दिवसांनी सिंगापूर पडल्याची बातमी आली. त्या जूनमध्ये पलटणीचा कागद आला: शिपाई बजरंग महिपती बेपत्ता. मेहबूबने तो दोनदा वाचून दाखवला. महिपतीने ऐकला आणि त्या संध्याकाळीही खुरपं घेऊन परसात गेला.

मासे वाढले. दर अमावास्येला तो गँगमधली लाकडी फूटपट्टी काचेला लावून माप घेई आणि भिंतीवर खडूने लिही. जून बेचाळीस, पाच इंच. दिवाळीला सात. चव्वेचाळीसच्या संक्रांतीनंतर दहा. बयाबाई रोज विचारी, "चारी हायत न्हवं?" तो म्हणे, "हायत."

सप्टेंबर १९४५ मध्ये लढाई संपली. जपान्यांच्या कैदेतून सुटलेले शिपाई गाडीने परतू लागले. सुदुंबऱ्याचा एकजण आला; त्याने बजरंगला कैदेच्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं, नंतर नाही. सगळ्यात मोठा मासा तेरा इंचांचा झाला होता आणि काचेच्या भांड्यात त्याला वळता येत नव्हतं.

"तळ्यात सोडू," मेहबूब म्हणाला.

"वाडवा म्हनला हुता. सोडा न्हाई म्हनला."

मेहबूबने टाकव्याहून बैलगाडीत गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी आणली. रविवार, ७ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजता दोघांनी ती परसात लावली, रात्रभर भरून ठेवलेलं पाणी घातलं आणि मासे एकेक करून ओल्या फडक्यात धरून सोडले. ऊन सरळ तळापर्यंत जात होतं.

बयाबाई काठावर वाकली. तिने मोजले. महिपती फडकं पिळत उभा राहिला.

"चवथा खापराखाली आसंल," ती म्हणाली.

डोणीत खापर अजून ठेवलेलं नव्हतं.