मफलरखालची गोळी

श्यामसुंदरांना सून डॉक्टर मिळाली याचा आनंद जेमतेम लग्नाच्या पंगतीपुरता टिकला. पुढे सहा वर्षं क्षमा त्यांच्या ताटातल्या तुपावर डोळा ठेवत राहिली आणि ते दातओठ खात राहिले.

म्हणूनच नवा रिपोर्ट हातात पडला तेव्हा त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तीन वर्षं कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम एकशे चाळीसवरून दोनशे दहावर गेलं होतं!

"बघ, तुझ्या गोळीने माझी वाट लावली!" मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीतल्या बाकावर, शेजारच्या जयवंतच्या देखत त्यांनी सुनेला धारेवर धरलं.

"बाबा, धोका मऊ चरबीच्या थराचा. तो फुटला की रक्ताची गुठळी होते, अटॅक येतो. गोळीने तो थर घट्ट होतो, म्हणून कॅल्शियम जास्त दिसतंय. गोळी काम करतेय."

"म्हणजे वाढलं तरी तूच बरोबर, कमी झालं तरी तूच!"

त्यांनी खिशातली गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यात भिरकावली. क्षमा पाय आपटत निघून गेली. जयवंतने टाळी दिली. त्याला स्टेंट बसून दोन वर्षं झाली होती.

"मग मी तरी ही गोळी कशाला गिळू रे, श्याम्या?"

"सोड तूही. झकास वाटेल बघ."

जयवंत घरी गेल्यावर श्यामसुंदरांनी इकडेतिकडे पाहिलं, डब्यात हात घातला आणि पट्टी बाहेर काढली. सुनेचं म्हणणं त्यांना पटलं होतं, हेच तर खरं दुखणं होतं. पट्टी कपाटात मफलरखाली गेली. रोज जेवणानंतर एक गोळी. पट्टी संपली तेव्हा तिथे नवी आलेली होती. कुणी ठेवली ते त्यांनी विचारलं नाही आणि क्षमाने सांगितलं नाही.

बाकावर मात्र शेखी चालूच. "पाच महिने झाले, गोळीला शिवलो नाही!" जयवंतला खरं सांगायचं म्हणजे सुनेपुढे नाक कापून घ्यायचं. तेवढं त्यांच्याच्याने झालं नाही.

सहाव्या महिन्यात जयवंतला अटॅक आला. दुपारी श्यामसुंदर आयसीयूपाशी पोचले तर बाहेर त्याची बायको शकु बसलेली.

"भावोजी, तुम्ही सोडलीत म्हणून यांनी गोळी सोडली. मी पाया पडले, तर म्हणाले, श्याम्याला कुठे काय झालं? खरंच, तुम्हाला कसं हो काही झालं नाही?"

"नशीब, वहिनी," ते पुटपुटले.

जेवणाचा डबा घेऊन आलेली क्षमा मागेच उभी होती. जयवंतकाकांनी गोळी सोडल्याचं तिला आत्ता कळत होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पिशवीतून पट्टी काढली आणि शकुसमोर सासऱ्यांच्या हातावर आपटली.

"बाबा, आजची गोळी राहिलीय. मफलरखालची."

शकुने पट्टीवरचं नाव वाचलं. तीच गोळी, तिच्या घरात तशीच पडून राहिलेली. मग तिने आपली पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली.

"घ्या, भावोजी. माझ्यासमोर घ्या."